हरिहरपंतांची ढाबळ

लग्नाची तिथी धरायला भिकाजीपंत चिपळूणहून सर्व्हिस मोटारीने रत्नागिरीला आले, तेव्हा होणारे व्याही हरिहरपंत यांनी त्यांना चहाआधीच परसातली कबुतरांची ढाबळ दाखवली.

"ही शिराजी मादी पाहा. अस्सल जातीची. गेल्याच महिन्यात संगमेश्वराहून आणली."

"उडून परत जात नाही?"

"जाते की. म्हणून तर कोवळी बघून आणायची, पंखांना दोरा बांधायचा. आणि तिच्या जुन्या घराच्या दिशेची जाळी फळ्या ठोकून बंद करायची. तिकडचं आभाळ दिसेनासं झालं की मुकाट रुळते. पहिलीच्या वेळी माझी हयगय झाली. ती गेली."

भिकाजीपंत हसले. त्यांच्या तेरा वर्षांच्या द्वारकीला पाखरांचं भारी वेड. पोर इथे रमेल, असं त्यांना वाटलं.

घराकडे वळताना त्यांची नजर सहज वर गेली. माडीच्या एका खिडकीवर फळ्या ठोकलेल्या होत्या, लाकूड अजून पिवळंधमक होतं.

"ती खोली कुणाची?"

"सूनबाईंची," हरिहरपंत म्हणाले. "खिडकी चिपळूणच्या अंगाला उघडते हो."