सीडरचा भुसा

शनिवारी सकाळी सात वाजता पेनी तोंड उघडं टाकून श्वास घेत होती. गाव ट्रॉय, मिशिगन. महिना सप्टेंबर, साल १९८६. पेनी ही सबनीसांच्या घरात पाळलेली सापीण. बिनविषारी, तांब्याच्या रंगाची, तेरा वर्षांच्या उत्तराची.

उत्तराने काचेच्या पेटीवरची जाळी उचलली. उग्र सुवास आला. तळाला नेहमीची वर्तमानपत्रं नव्हती. लालसर भुसा होता, चार बोटं जाड.

"आई! हे कुणी टाकलं?"

प्रतिमा मोदकांसाठी नारळ खवत होती. "मीच. काल तू स्कूलला गेल्यावर. उद्या आरतीला मंडळाची माणसं येतायत. गेल्या खेपेला पेटीच्या वासाने सुलेखामावशी नाकाला पदर लावून बसली होती. चांगला सीडरचा, सुवासिक लाकडाचा भुसा आहे तो."

दोन वर्षांत प्रतिमाने पेनीचं नाव घेतलं नव्हतं. तिच्या माहेरी सापाला कुणी नावाने हाक मारत नसे. नाव घेतलं की तो येतो, असं म्हणत. म्हणून इथेही ते 'जनावर'च. जनावर जेवलं का? जनावराचा दिवा बंद कर.

उत्तराने सापांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना फोन लावला. ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरला. तिने फोन ठेवला.

"सीडर इज पॉयझन फॉर हर. त्याच्या वासाने लंग्ज जातात. यू वॉन्टेड हर डेड, आई."

प्रतिमाने हात पुसले. ती आतल्या खोलीत गेली आणि लग्नातला शालू घेऊन आली. तिने तो टेबलावर उलगडला. घडीघडीत सीडरच्या चकत्या होत्या. कसर लागू नये म्हणून शेजारणीने सुचवलेल्या.

"माझ्या शालूला घालते, तेच तिला घातलं गं."

उत्तराने पेनीला उचलून टॉवेलमध्ये घेतलं. प्रतिमाने भुसा पिशवीत भरला आणि पेटी ओल्या फडक्याने पुसली. रद्दी कालच कचऱ्याच्या गाडीत गेली होती. तिने खणातून मराठी वर्तमानपत्रं काढली. पुण्याहून समया त्यांत गुंडाळून आल्या होत्या. ती वर्तमानपत्रं प्रतिमा कुणालाही टाकू देत नसे. तिने ती तळाला पसरली, कोपऱ्यापर्यंत हाताने सारखी केली.

फोन वाजला. उत्तराचे हात मोकळे नव्हते. प्रतिमाने उचलला. दवाखान्यातल्या बाईने पेशंटचं नाव विचारलं.

प्रतिमाने टॉवेलकडे पाहिलं.

"पेनी," ती म्हणाली. "पेनी सबनीस."

अकराची वेळ मिळाली. शेजारीण गाडी चालवत होती. प्रतिमाने पेनीला ठेवलेली पेटी स्वतःच्या मांडीवर घेतली. वाटेत कुणी विचारलं नसताना ती दोनदा म्हणाली, "पेनी. ए पेनी."

दवाखान्याच्या दारात पोचल्या तेव्हा पेनीचं तोंड उघडंच होतं.