पहिली कात्री

टेबलावर राखाडी कापड अंथरलेलं, त्यावर खडूच्या रेघा मारून झालेल्या, आणि धाकटा शिंपी नुसताच उभा. कात्री हाताशी होती, पण चालवायची सोय नव्हती. या दुकानात दिवसाची पहिली कात्री थोरला भाऊ चालवतो. बापाने घालून दिलेला नेम. बाप गेला, पाटी बदलली, मशिनं विजेवर आली, नेम तसाच.

थोरल्याचा हात वर्षभर थरथरत होता. गेल्या दोन महिन्यांत तीन कापडं वाया गेली. धाकट्याने बाजार पालथा घालून तसंच कापड आणलं आणि गुपचूप शिवून दिलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार! पण आजचं कापड कुठल्याही बाजारात मिळणारं नव्हतं. एका मास्तरांच्या वडिलांनी ते कोटासाठी घेऊन ठेवलं होतं आणि शिवायच्या आधीच गेले. जेमतेम एका कोटापुरतं. बोटभर चुकलं की संपलं.

दादाला 'राहू दे' म्हणावं, तर त्याला दुकानातून उठवल्यासारखं. न म्हणावं, तर मास्तरांना काय तोंड दाखवायचं? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आणि खरं सांगायचं तर धाकट्याला या नेमाचाच वीट आला होता. पन्नाशी उलटली तरी रोज सकाळी दादाची वाट बघत उभं राहायचं म्हणजे काय!

थोरला आला. चष्मा पुसला, हात पुढे केला. "आण."

धाकट्याने मुठीची बाजू पुढे करून कात्री दिली. "दादा, हे कापड जरा..."

"मास्तरांचं ना? माहितीये."

थोरला वाकला. कात्रीचं टोक रेघेच्या आसपास हेलकावे खायला लागलं. धाकट्याने डोळे मिटून घेतले.

कात्री वाजली. डोळे उघडले, तर कापड जसंच्या तसं. थोरल्याने वीतभर वर, हवेतच कात्री मिटली होती.

"झाली सुरुवात," तो म्हणाला. "ती तीन कापडं कुठून आली, मला कळत नाही असं वाटलं होय रे गाढवा?" त्याने कात्री परत दिली. "उद्यापासून तूच लाव. पुरे झाला नेमबीम."

वीस वर्षं ज्या शब्दांची वाट पाहिली, ते असे सहज मिळाले. धाकट्याने कात्री रेघेवर टेकवली. हात पक्का होता, नजरही पक्की. पण बोटं काही दाबली जाईनात. थोरला मागे स्टुलावर बसून बटणं निवडायला लागला होता, आपलं इथलं काम संपल्यासारखा. ते धाकट्याला बघवेना.

"आता काय झालं?" थोरल्याने विचारलं.

"घाईघाईत उरकलंस तू." धाकट्याचा आवाज चिडका होता आणि डोळे भरून आले होते. "नीट झालं नाही. ऊठ दादा, परत कर."