उलट्या पट्ट्या

पडवी पुन्हा गळायला लागली म्हणून सुट्टीच्या दिवशी मीच छपरावर चढलो. छपराचा उतार घराच्या भिंतीला भिडतो, तिथल्या पत्र्याच्या पट्ट्या उचकटून पाहिल्या आणि डोकंच फिरलं. सगळ्या उलट्या. वरच्या पट्टीचं टोक खालच्या पट्टीखाली सारलेलं, म्हणजे उतारावरून येणारं पाणी सरळ भिंतीत. चौदाच्या चौदा तशाच. त्यात खिळे असे ठोकलेले, की एक निघेल तर शपथ. हाताची सालटी निघाली.

खाली अंगणात खुर्ची टाकून बाबा मान वर करून बघत होते.

"काय झालं रे?"

"काय व्हायचंय? अख्खं काम वाया. पट्ट्या उलट्या टाकल्यात."

"खालच्या टोकापासून सुरुवात करायची आणि पुढची पट्टी आधीच्या पट्टीवर चढवत न्यायची. हे तर पहिल्या दिवशी शिकवतात." बाबा चांगलेच तापले. "चाळीस वर्षं पत्रे ठोकले मी. असं काम वैऱ्याच्या घरीही केलं नाही. कुठून धरून आणलास हा कारागीर? मला विचारायचंस तरी."

मी पुढचा खिळा उपटायला घेतला.

"चुकलंच, बाबा."

"परत त्याला शिडी चढू देऊ नकोस."

"नाही देणार," मी म्हणालो.

गेल्या वर्षी या पट्ट्या ठोकल्या, तेव्हा शिडी मीच धरली होती. वर बाबा होते.