नाव घातलेली भांडी

मुक्ताबाई तिसऱ्यांदा दुसऱ्याच्या पोत्यात हात घालताना दिसली, तेव्हा छबुबाई वनमालाच्या कानाला लागली. ही बाई काहीतरी लांबवणार, म्हणाली, लिहून घ्या माझ्याकडून.

वनमालाला तेच तर नको होतं. मागं पूरग्रस्तांसाठी जमवलेली दोन पोती ट्रकमध्ये चढायच्या आधीच गायब झाली आणि पंचक्रोशीत गावाची छी थू झाली. आता कोकणात वादळ झालं, किनाऱ्यावरची घरं चुलीसकट समुद्रानं नेली. तिकडून फोन आला, धान्य भरपूर आलंय, पण शिजवायला भांडं नाही. मग वनमालानं बायका जमवल्या, घरटी भांडी मागितली आणि भर ग्रामसभेत शब्द दिला, की एक चमचा जरी इकडचा तिकडं झाला तर माझं घर जबाबदार. घर म्हणजे राधाकिशनचं, तिच्या नवऱ्याचं. त्याच्या शब्दाला घाटनांदूरपर्यंत वजन होतं.

म्हणून तर तिनं प्रत्येक घराचं पोतं वेगळं ठेवलं. त्या त्या घरच्या कारभाऱ्याचं नाव वर रंगानं स्वतः घातलं.

आणि त्यात ही शेळ्या राखणारी मुक्ताबाई. चार वर्षांमागं हिची ऋतुजा पाण्याला म्हणून गेली ती आलीच नाही. स्टेशनावर तिला कुणा पोराबरोबर रेल्वेत चढताना राधाकिशननंच पाहिलं होतं, म्हणून पुढं कुणी शोधलं नाही. तेव्हापासून बाईला कुणी दारात उभं केलं नाही. अन् परवा अचानक शाळेत येऊन म्हणते काय, समदी भांडी मी घासून देते.

फुकटात एवढं कोण राबतं? वनमालाच्या मनात पाल चुकचुकली. राधाकिशन दोन दिवस बीडला होता. त्याला फोनवर सांगितलं तर तो एकदम तापला, तिला सामानाजवळ फिरकू देऊ नको म्हणाला. पण हात कमी आणि भांडी ढीगभर, त्यातली निम्मी काळीकुट्ट. खोटं कशाला बोला, वनमालानंही घरातली चांगली भांडी ठेवून शेतातल्या आखाड्यावरचं, तिथल्या खोपटात भुसकटाखाली पडलेलं गबाळ भरून दिलं होतं. नवरा गावात नव्हता म्हणून जमलं. एरवी तो आखाड्यावरची दोरीसुद्धा कुणाला उचलू देत नसे.

मुक्ताबाईचं वागणंही विचित्रच. भांड्यांसोबत आलेल्या साड्यांना हात लावायची नाही, चादरींना नाही. भांडं घासायचं, काठावरून बोट फिरवायचं आणि येईल त्याला वाचायला लावायचं, ह्याच्यावर कुणाचं नाव हाय. बाई जड भांडी कुठल्या घरची ते हेरतेय, असं छबुबाईचं ठाम मत पडलं.

दुपारी ट्रक लागला. पोती चढायला लागली आणि मुक्ताबाई नळावर दिसेना. वनमाला तिला शोधत शाळेच्या मागं गेली. बाई भिंतीला टेकून बसली होती, शेजारी एक उघडं पोतं, पदराखाली काहीतरी घट्ट धरलेलं.

"काढा ते बाहेर," वनमाला म्हणाली.

मुक्ताबाईनं पदर सारला. पितळी कळशी होती, एका बाजूनं चेपलेली, पण राखेनं घासून लख्ख केलेली.

वनमालाचं डोकं फिरलं. वादळानं उघड्यावर पडलेल्यांच्या तोंडचं पळवताना लाज कशी वाटली नाही, असं तिनं तोंडावर विचारलं. आवाज ऐकून बायका गोळा झाल्या. ज्या घरची कळशी असेल त्याला बोलवा, वनमाला म्हणाली, आता सगळ्यांसमोरच होऊन जाऊ द्या.

"व्हय, व्हऊ द्या," मुक्ताबाई शांतपणे म्हणाली. "चार वर्षं मला कुणाच्या घरात शिरता आलं न्हाई. तुमी समदी घरं हितं आणून ठिवली, लई उपकार झाले. वाचा आता, बाई. मला वाचता येत न्हाई."

वनमालानं कळशी हिसकावली आणि काठावरची अक्षरं सगळ्यांना ऐकू जातील अशी वाचली.

"चि. ऋतुजाच्या बारशाला, मामाकडून."



"पाण्याला गेलती तवा हीच व्हती तिच्या काखंत," मुक्ताबाई म्हणाली. "आता पोतं कुणाचं, ते बी वाचा."

पोत्याला अजून भुसकट चिकटलेलं होतं. त्यावरचं नाव वनमालानं उभ्या जन्मात एकदाच मोठ्यानं घेतलं होतं, लग्नात, उखाण्यातून.