पोटभर समुद्र

भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हाची गोष्ट. माझ्या बायकोची, रंभाची, नजर पावसाळ्याआधी पूर्ण जाणार असं डॉक्टरनं सांगून टाकलं. तिनं एकच मागितलं, समुद्र. माझा मोठा भाऊ चिंधूदादा कारखान्याचं सामान आणायला ट्रक घेऊन विशाखापट्टणम बंदराला जायचा. तो म्हणाला, "काहून रडून राहिला बे? बसव तिले माह्या गाडीत."

आम्ही तिघं तिकडे पोचलो आणि ट्रक दिवसभर समुद्राच्या काठाकाठानं चालला. चांगली जागा आली की दादा गाडी थांबवायचा आणि हात लांब करून दाखवायचा. आमच्यात भासरा भावसुनेशी, म्हणजे मोठा दीर धाकट्या भावाच्या बायकोशी, बोलत नाही, म्हणून सगळं मलाच सांगायचा, "तिले म्हण, ते पाय जहाज! पोटभर पाहून घे म्हणा!"

भासऱ्यापुढे तोंड उघडं टाकायचीही रीत नाही. रंभा जाड लुगड्याचा पदर हनुवटीपर्यंत ओढून, समुद्राकडे तोंड करून बसलेली.

ऊन कललं तसं दादानं डोळे पुसले. "विचार तिले, कसा दिसला समुद्र?"



पदराआडून रंभा मला हळूच म्हणाली, "हिरवा हाय. बारीक चौकडीचा."