घसा जपायचाय

टीव्हीवरच्या कार्टूनमधल्या बोलक्या मांजर-कुटुंबातल्या आईला ती आवाज द्यायची. दिवसभर स्टुडिओत पिल्लांचे लाड करून घरी आली, की घसा जपायला ती अगदी मुकी. लेक काही सांगायला आली, की ओठांवर बोट. लेकीचा उतरलेला चेहरा तिला टोचायचा, पण उद्या पुन्हा माईक होताच.

आज रेकॉर्डिंगला सुट्टी. लेक ताट घेऊन टीव्हीसमोर बसली होती.

"जेवलीस का गं, ठमे?" मांजरीने पिल्लाला विचारलं.

"हो, आई!" लेकच पटकन म्हणाली.

तिला गलबलून आलं. लेकीला जवळ ओढत तिने विचारलं, "भाजी आवडली का गं?"

टीव्हीवरची नजर न हलवता लेकीने ओठांवर बोट ठेवलं.

"शू! आई बोलतेय ना."