सुनेची दाढ

डॉक्टरांनी उकळत्या पाण्यातून सुई काढली आणि पेशंटऐवजी पेशंटच्या सासऱ्याला विचारलं, "आता काय होतंय बाईंना?"

"तुमी मागल्या महिन्यात दाढ काढली, तवापासून डाव्या अंगाचा ओठ अन् हनुवटी बधिर हाय," रामराव म्हणाले. "मुंग्या चालल्यावानी होतंय. चहा सांडला तरी तिला समजत न्हाई. अन् डोकं असं ठणकून राह्यलंय, की भाकरी थापता थापता भिंतीला टेकून बसती."

त्यांची सून कौसल्या खुर्चीत कपाळापर्यंत पदर ओढून बसली होती. तिचं दुखणं ती सासूला सांगे, सासू गोजरबाई रामरावांना सांगे आणि रामराव डॉक्टरांना. पहिल्या खेपेलाही असंच झालं. गोजरबाईंनी समोर उभं राहून आपल्या गालावर बोट ठेवलं. रामरावांनी ती आपल्या डाव्या हाताकडची बाजू नीट ध्यानात धरली आणि एसटीनं वाटूरहून जालन्यापर्यंत जपून आणली. कीड दोन्हीकडच्या दाढांना होती. दुखते कोणती, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा रामरावांनी सुनेला बोलायची तसदी पडू दिली नाही.

तिच्यावर त्यांचा जीव होता. मुलगा वसंता पैठणच्या धरणावर कामाला, म्हणून ऐन पेरणी टाकून ते स्वतः दुसऱ्यांदा आले होते. शिवाय त्यांना तिचा अभिमान होता. लग्नाला सहा वर्षं झाली, पण सासऱ्यापुढे तिच्या तोंडून एक शब्द निघाला नव्हता. "आमच्या सुनेला जीभ हाय का न्हाई, तेबी मला ठाव न्हाई," असं ते वाटूरच्या फाट्यावर चहा पिताना चारचौघांत सांगत. ऐकणाऱ्यांना हेवा वाटे.

"शीर दुखावलीय, बधिरपणा हळूहळू जाईल," डॉक्टर म्हणाले. "पण ठणका थांबत नाही, म्हणजे शेजारची दाढही गेलेली असणार. ती काढू. डावीकडचीच ना?"

"डावीच. बिलकुल डावी."

कौसल्यानं तोंड उघडलं. सुई हिरडीपर्यंत आली, तशी तिनं डॉक्टरांचं मनगट घट्ट धरलं आणि बाजूला सारलं.

"उजवी हाय," ती म्हणाली. "पहिल्यापासून उजवीच दुखती."

खोलीत दुसरी कोण बाई आली म्हणून रामरावांनी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. मग त्यांनी सुनेकडे पाहिलं. पोरीची न दुखणारी दाढ गेली होती आणि महिनाभर ती हा ठणका सोसत होती.

"मंग त्या दिवशीच सांगायचं न्हाई का, पोरी?"

कौसल्यानं पदर सारखा केला.

"तुमी समोर व्हता, मामंजी."